ड्रेसिंग धरणारी पट्टी धुताना ताण का जातो, आणि तो टिकवायचा कसा

परवा एका घरी ड्रेसिंगला गेले, तर काकूंनी पट्टीची गुंडाळी हातात ठेवली. "सिस्टर, चांगली उकळली आणि गच्चीवर कडक उन्हात वाळवली बघा." पट्टी पापडासारखी कडक झाली होती. उलगडून ओढली तर लांब झाली आणि तशीच राहिली, परत आलीच नाही. आत रबराचे धागे होते. ते उकळत्या पाण्यात अर्धे गेले, उरलेले उन्हात. काकूंनी कष्ट खूप केले होते आणि त्या कष्टांनीच पट्टी मेली होती.

हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता लिहूनच काढते. लोक दोन टोकांना असतात. काही जण पट्टी मारून मारून धुतात. बाकीचे "धुतलं की सैल पडते" म्हणून पंधरा दिवस तीच बांधतात. दुसऱ्यांचंही चुकतं. घाम, अंगाचं तेल आणि मलम धाग्यात मुरतं, त्यामुळे न धुतलेला इलॅस्टिकही सैल पडतोच, वर वास येतो.

सैल पट्टीचा खरा धोका पुढे आहे. ती घसरते, म्हणून घरची माणसं पुढच्या वेळी ती जोर लावून ओढतात. ताण गेलेली पट्टी ओढली की पसरत नाही, तिची दोरी होते आणि एका रेघेत काचते. मधुमेहाने पायाची जाणीव कमी झालेल्या माणसाला ते कळतही नाही. जुन्या जखमेच्या वर नवी जखम झालेली मी पाहिली आहे, ती पट्टीनेच केलेली होती.

१. आधी ठरवा: धुवायचं काय आणि टाकायचं काय

जे जखमेला टेकलं ते धुवायचं नाही. गॉज, पॅड, कापूस हे सगळं एकदाच वापरायचं. वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत बांधून, ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळं द्यायचं. हा लेख त्याच्या वरच्या थराबद्दल आहे, म्हणजे ड्रेसिंग जागेवर धरून ठेवणाऱ्या पट्टीबद्दल.

त्या थरातही सगळं धुण्याजोगं नसतं. पाकिटावर वर्तुळात इंग्रजी दोनचा आकडा आणि त्यावर तिरकी काट अशी खूण असेल, तर ती वस्तू एकदाच वापरायची. गोंदाची चिकट पट्टी धुता येत नाही. स्वतःलाच चिकटणारी रंगीत पट्टीही नाही, कारण एकदा सुटल्यावर ती नीट पकडत नाही.

धुण्याजोग्या चार गोष्टी घराघरांत दिसतात: सुती क्रेप, इलॅस्टिकची क्रेप, नळीसारखी जाळी (मेडिकलवाले तिला नेट बँडेज म्हणतात) आणि वेल्क्रोचा पट्टा. सिझेरियन किंवा हर्नियानंतरचा पोटाचा पट्टाही या चौथ्या प्रकारातच धरा.

पहिल्या दोन्हींना लोक "क्रेप"च म्हणतात आणि गोंधळाचं मूळ तिथेच आहे. दिसायला सारख्या, पण स्वभावाने उलट. सुती क्रेपमधला ताण रबराचा नसतो, पिळाचा असतो. सूत कातताना त्याला जास्तीचा पीळ दिलेला असतो, म्हणून धागा आक्रसून बसतो. बांधून बांधून तो सरळ होतो आणि पट्टी ढिली पडते. कोमट पाण्यात सूत फुगलं की ते पुन्हा आक्रसतं. म्हणजे सुती क्रेपला धुणं हे औषधच आहे, धुतल्यावर ती पुन्हा जोमात येते. इलॅस्टिकच्या क्रेपमध्ये रबराचा किंवा स्पॅन्डेक्सचा धागा असतो. धुतल्यावर त्याच्यावरचं तेल-घाम निघतं आणि तो मोकळा होतो, पण उष्णतेने किंवा ब्लीचने एकदा बिघडला तर पुन्हा सुधारत नाही.

तपासा: पट्टीच्या कापलेल्या टोकातून सुईने एक उभा धागा उचला आणि ओढा. रबरासारखा लांबून फटकन परत आला तर इलॅस्टिक. नुसता कुरळेपणा सुटून सरळ झाला तर सुती. एकाच धाग्यावर निकाल देऊ नका, शेजारचे दोन-तीन बघा, कारण काही पट्ट्यांत इलॅस्टिक एकाआड एक असतं.

२. खरेदीच्या दिवशीच करायचं काम

एक पट्टी घेऊ नका, तीन घ्या. एक अंगावर, एक वाळत, एक कपाटात. हा खर्च नाही, बचत आहे. ताणलेल्या इलॅस्टिकला मूळ लांबीवर यायला विसावा लागतो. रोज सकाळी धुऊन दुपारी पुन्हा बांधलेली एकटी पट्टी या फिरत्या तिघींपेक्षा लवकर संपते. शिवाय एकच पट्टी असली की घाई होते, आणि घाईत ती इस्त्रीखाली जाते.

नवी पट्टी आधी एकदा धुऊन वाळवा. सूत पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून माप त्यानंतर घ्यायचं. ती न ओढता टेबलावर सपाट पसरा आणि पक्क्या शाईच्या पेनने बरोबर १० सेंटिमीटर अंतरावर दोन ठिपके द्या. टोकाला १, २, ३ असे आकडे टाका. हे ठिपके पुढे फार उपयोगी पडतात. बहुतेक लोक हेच करत नाहीत आणि मग "पट्टी सैल वाटते की माझा भास?" यावर घरात वाद होतो.

३. काढताना

पट्टीचं अर्धं नुकसान ती पाण्यात पडायच्या आधीच होतं.

हात धुवा. आधी वरची पट्टी सोडवा, ती वेगळ्या भांड्यात किंवा पिशवीत ठेवा, आणि मगच आतलं ड्रेसिंग उघडा. क्रम उलटला की जखमेतली लस आणि पू पट्टीला लागतो. पट्टी ओढून काढायची नाही. एका हाताने सोडत दुसऱ्या हातात गोळा करत जायचं. जाळी घोट्यावरून काढताना गुंडाळत खाली आणा. एका बाजूने खेचली की तिचे डोळे फाकतात, आणि एक डोळा तुटला की शेजारचे उसवत जातात.

वेल्क्रो सोडवताना टोक धरून सोला आणि लगेच त्याच्याच मऊ बाजूवर परत लावून टाका. उघडं राहिलं तर त्याचे आकडे भांड्यातल्या दुसऱ्या पट्टीत अडकतात आणि धागे ओढून काढतात.

सांभाळा: पायाला खोबरेल तेल चोळून लगेच वर रबरी धाग्याची पट्टी बांधणं ही आपल्याकडची फार मोठी चूक आहे. तेलाने नैसर्गिक रबर फुगतं आणि कमजोर होतं. पेट्रोलियम जेलीचंही तसंच. कोरड्या कातडीला तेल लावायचंच असेल तर जिरू द्या, वरचं पुसून घ्या आणि मध्ये सुती कापड किंवा पातळ मोजा घाला. बोटांच्या बेचक्यांत तेल नकोच.

पट्टी आतून भिजून वरपर्यंत ओली झाली असेल तर थांबा. ही धुण्याची बाब नाही. ड्रेसिंग कमी पडतंय किंवा स्राव वाढलाय असा त्याचा अर्थ आहे, आणि ते डॉक्टरांना कळलं पाहिजे.

४. डाग आधी, साबण नंतर

रक्ताला गार पाणी. गरम पाण्यात रक्तातली प्रथिनं आळतात, अंडं उकडल्यावर घट्ट होतं तशी, आणि डाग धाग्यात बसतो. तोटीखाली डागाच्या मागच्या बाजूने पाणी सोडा. सुकलेलं असेल तर गार पाण्यात अर्धा तास ठेवा. ब्रश नको, बोटांनी चोळा.

बीटाडीनचा तपकिरी डाग ताजा असेल तर साध्या पाण्यानेच बराचसा जातो. जुन्या डागाला व्हिटॅमिन सीची गोळी अर्ध्या वाटी पाण्यात विरघळवून त्यात तेवढाच भाग बुडवा. बीटाडीनमधल्या आयोडीनचं रंगहीन आयोडाइड होतं आणि डाग डोळ्यांदेखत फिका पडतो. लिंबाचा रसही चालतो. काम झालं की खळखळून धुवा. एका घरी पट्टीवर निळेकाळे डाग बघून सगळे घाबरले होते. आजींनी धोतराबरोबर पट्टीलाही खळ दिली होती, आणि खळीतला स्टार्च आयोडीनला भेटला की तो रंग येतोच. घाबरण्यासारखं काही नव्हतं, पण पट्टीला खळ कशाला?

हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो हे सांगायला नको. तो उन्हात उडतो, आणि इथे खरी अडचण येते. सुती क्रेपला दोन तास ऊन दाखवायला हरकत नाही. इलॅस्टिकच्या पट्टीवरचा हळदीचा डाग मात्र राहू द्या. डागाने पट्टीचा ताण कमी होत नाही, तो घालवण्याच्या नादाने होतो.

मलमाचा तेलकट डाग पाण्याला दाद देत नाही. कोरड्या पट्टीवरच भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका, बोटाने मुरवा, पाच मिनिटांनी पुढच्या पायरीला घ्या.

५. धुणं

पट्टीसाठी वेगळं टमरेल किंवा छोटी बादली ठेवा, ते दुसऱ्या कशाला वापरू नका. हातात मोजे घाला.

पाणी कोमट, म्हणजे ३० ते ४० अंश. थर्मामीटर नको, मनगट बुडवा. लहान बाळाला ज्या पाण्याने अंघोळ घालाल त्याहून गरम नको. त्यात लोकरीच्या कपड्यांचं सौम्य लिक्विड अर्धा चमचा. धुण्याचा सोडा नको, आणि वडी पट्टीवर घासायची तर मुळीच नाही. पट्टी बुडवून दहा मिनिटं ठेवा, मग मुठीत दाबा आणि सोडा, स्पंज दाबतो तसं. दगडावर आपटणं, धोपटणं, दोन हातांत धरून घासणं हे सगळं बंद.

फॅब्रिक कंडिशनर घालू नका. "मऊ राहील" म्हणून लोक हमखास घालतात. तो धाग्यावर गुळगुळीत लेप चढवतो. मग पट्टीवर पट्टी पकडत नाही, जाळी पायावरून सरकते, आणि सगळे म्हणतात इलॅस्टिक गेलं.

ब्लीचबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे लोकांचा हेतू चांगला असतो. क्लोरीनचं ब्लीच आणि ब्लीचिंग पावडर स्पॅन्डेक्सला आतून तोडतात. पट्टी पांढरीशुभ्र निघते, दिसायला नवी, आणि दोन-तीन धुण्यांत जागोजागी लाटा पडलेली कळकट चिंधी होते. पाकिटावरच्या खुणांत त्रिकोण म्हणजे ब्लीच. त्रिकोणावर फुली असेल तर विषय तिथेच संपला. टबाच्या चित्रातला आकडा म्हणजे पाण्याचं जास्तीत जास्त तापमान.

मग जंतूंचं काय? दवाखान्याच्या कपड्यांसाठी ब्रिटनच्या आरोग्यसेवेचं मार्गदर्शन ६५ अंशांना किमान १० मिनिटं किंवा ७१ अंशांना किमान ३ मिनिटं असं आहे. शंभर टक्के सुती क्रेप, पाकिटावर मनाई नसेल तर, याहून गरम, अगदी उकळतं पाणीही सोसते. आधी रक्त मात्र गार पाण्याने काढलेलं हवं. इलॅस्टिक, जाळी आणि वेल्क्रोचा पट्टा हे सोसत नाहीत. म्हणून माझा नियम सरळ आहे: इलॅस्टिकच्या पट्टीला पू लागला, तर ती धुवायची नाही, टाकायची. डॉक्टरांनी चिवट जंतूंचा संसर्ग सांगितला असेल तर ती जखम आटोक्यात येईपर्यंत धुऊन वापरायची कोणतीच पट्टी नको, एकदाच वापरायच्या घ्या.

आता खळबळणं. तीन पाण्यांतून काढा. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर साबणाचा पांढरा राप धाग्यांत बसतो आणि पट्टी कडक होते, मग तीच कडक कड कातडीला घासते. अशा ठिकाणी वडीच्या साबणाऐवजी लिक्विडच वापरा आणि शेवटचं पाणी जमलं तर प्यायचं घ्या.

तपासा: शेवटच्या पाण्यातली पट्टी मुठीत दाबा. बोटांच्या फटीतून फेस आला तर अजून एक पाणी.

मशीनमध्ये टाकायचीच असेल तर जाळीच्या पिशवीत, वेल्क्रो बंद करून, नाजूक कपड्यांच्या सेटिंगवर, ४० अंशांच्या आत. जीन्सबरोबर नको. मोकळी टाकलेली चार मीटरची पट्टी ड्रममध्ये बाकीच्या कपड्यांना अशी काही वेढते की सोडवताना तिचा एरवी वर्षभरात होणार नाही इतका ताण एका दुपारी होतो. आणि घरच्यांच्या कपड्यांत मिसळायची नाही, हे वेगळं सांगत नाही.

६. पाणी काढणं

पिळायचं नाही. पिळताना बाहेरचे धागे आतल्यांपेक्षा जास्त ताणले जातात आणि पट्टी कडेने लाटा घेते. जाड टॉवेलवर पट्टी पसरा, टॉवेलसकट वळकटी करा आणि वरून तळहाताने दाबा. टॉवेल बरंचसं पाणी पिऊन घेतो. या एका पायरीने वाळायचा वेळ जवळजवळ निम्मा होतो, पावसाळ्यात हे फार मोलाचं आहे.

७. वाळवणं

सपाट, सावलीत, वाऱ्याला. दोरीवर लांब सोडू नका, ओल्या पट्टीचं वजन तिलाच खाली ओढतं आणि ती ताणलेल्या अवस्थेत वाळते. सपाट जागा नसेल तर कपडे वाळवायच्या स्टँडच्या चार-पाच दांड्यांवरून आडवी नेऊन सोडा, म्हणजे वजन वाटलं जातं. चिमटा लावायचा नाही, चिमट्याच्या जागी कायमचा दबलेला पट्टा राहतो. गच्चीच्या लोखंडी कठड्यावर तर नकोच, गंजाचा डाग लिंबाला ऐकत असला तरी रोज कोण करत बसणार.

ऊन इलॅस्टिकला वर्ज्य. रबर उन्हात कडक होऊन तडकतं. जुन्या रबरबँडचं काय होतं ते खिडकीत ठेवून बघा. इस्त्री, ड्रायर, गॅसजवळची जागा, फ्रिजची गरम मागची बाजू, हे सगळं त्याच यादीत.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, पट्टी दोन दिवस दमट राहते. अर्धवट ओली पट्टी बांधली तर जखमेच्या कडेची कातडी पांढरी आणि मऊ पडते, आणि अशी कातडी लवकर सुटते. टॉवेलची वळकटी दोनदा करा, मग पंख्याखाली जाळीदार टोपलीवर पसरा. तिसरी पट्टी इथेच कामाला येते.

तपासा: पट्टी दुमडून आतला भाग मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवा. गार लागला तर अजून ओली आहे. हाताच्या बोटांवर विश्वास ठेवू नका, ती फसतात.

८. बांधण्याआधीची परीक्षा

दर पाच धुण्यांनंतर ठिपके आठवा. पट्टी सपाट ठेवा, १० सेंटिमीटरचं अंतर ओढून १५ करा, दहा अंक मोजा, सोडा, एक मिनिट थांबा आणि मोजपट्टी लावा. साडेदहाच्या आत आली तर बरं. अकरा किंवा जास्त राहिली तर ती ड्रेसिंगच्या कामातून बाद. हा माझा ठोकताळा आहे, प्रयोगशाळेचा निकष नव्हे, पण डोळ्यांच्या अंदाजापेक्षा चांगला. सुती क्रेपला बाद करण्याआधी एकदा कोमट पाण्यात भिजवून, न ओढता वाळवून पुन्हा मोजा, बऱ्याचदा ती पास होते.

मग पट्टी खिडकीसमोर धरा. प्रकाश एखाद्या पट्ट्यात जास्त दिसतो का? तिथे धागे विरले आहेत. कडा उसवल्यात का, आतून बारीक पांढरे रबरी तुकडे डोकावतात का, तेही बघा. एक जरी डोकावत असला तरी तो कातडीला टोचतो.

वेल्क्रोत बहुतेक वेळा आकडे झिजलेले नसतात, बुजलेले असतात. कापसाचे तंतू, केस, सुतळीचे धागे. जुन्या टूथब्रशने आणि सुईने साफ करा, कोरडं असताना. पट्टा लावून हलका झटका द्या. साफ करूनही सुटत असेल तर मऊ बाजू बघा, तिची लव उपटून गेली असेल तर पट्टा गेला.

व्हेरिकोज व्हेन्सच्या, म्हणजे पायाच्या फुगलेल्या शिरांच्या, जखमेसाठी दाबाची पट्टी किंवा मोजा दिला असेल तर तो नुसता धरून ठेवणारा थर नाही, दाब हेच त्याचं औषध आहे. तिथे माझा ठोकताळा लावू नका, पाकिटावरची मुदत पाळा. रोज वापरायचे दाबाचे मोजे साधारण सहा महिन्यांत बदलावे लागतात, कितीही नीट धुतले तरी.

९. बांधल्यावर

पट्टी बोटांकडून वर, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या निम्म्यावर, ओढ सगळीकडे सारखी. बोटं उघडी ठेवा. अंगठ्याचं नख दाबून पांढरं करा आणि सोडा. दोन-तीन सेकंदांत गुलाबी झालं पाहिजे. वेळ लागला, बोटं गार किंवा निळसर पडली, मुंग्या आल्या, तर सोडून पुन्हा बांधा. मधुमेही माणसाला "घट्ट होतंय का?" विचारून भागत नाही, बघावंच लागतं. मुळातच पायाला रक्तपुरवठा कमी आहे असं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर किती ओढायची हे त्यांच्याकडूनच प्रत्यक्ष बघून घ्या.

सांभाळा: धुतलेली पट्टी नेहमीपेक्षा एक वेढा जास्त घेऊ लागली, किंवा पिन आधीपेक्षा पुढे जाऊ लागली, तर हात जोर लावतोय हे ओळखा. ओढू नका, पट्टी बदला.

१०. ठेवणं आणि टाकणं

न ओढता, ढिली गुंडाळी करून सुती पिशवीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत उरलासुरला ओलावा कोंडतो. घट्ट गुंडाळलेली पट्टी कपाटात बसल्या बसल्या ताणलेलीच राहते.

पू किंवा रक्त मुरलेली नसेल अशी बाद सुती क्रेप टोमॅटोच्या रोपांना बांधायला झकास. बाकीची टाका. टाकण्याआधी कात्रीने मधून दोन तुकडे करा. मी हे आता न चुकता करते. एका घरी मी बाद केलेली पट्टी दोन दिवसांनी पुन्हा आजोबांच्या पायावर दिसली. आजींनी ती कचऱ्यातून काढून धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवली होती.